मोजताना बोलायचं नाही

जळालेल्या मोटरीला एक वास असतो. वार्निश, कागद आणि तांबं एकत्र करपल्याचा. शिमगा उरकतो, उसाच्या गाड्या रस्त्यावरनं कमी होतात, विहिरींचं पाणी पुरुषभर खाली जातं, आणि मग कराडहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही फाट्याला थांबलं तरी हा वास नाकात शिरतो. बाकीच्यांचा उन्हाळा कैरीनं सुरू होतो, माझा या वासानं. यंदाही तो वेळेवर आला. मी लिंबाखाली उभा राहून ताक पीत होतो. समोरून एक जण मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पाच हॉर्सपॉवरची मोटर दोरीनं बांधून चालला होता. पोत्यात अशी गुंडाळलेली, की लांबून वाटावं, आजारी माणसाला दवाखान्यात नेतोय. वास त्या पोत्यातून येत होता.

खरं तर मी त्याला हात करून थांबवायला हवं होतं आणि पिशवीतनं कंपनीचं माहितीपत्रक काढायला हवं होतं. तेच माझं काम. सात वर्षं झाली, मी पंप विकतो. पण मी ताक संपवलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. तो कुठल्या दुकानापुढं थांबणार हे मला ठाऊक होतं.

विकायला लागण्याआधी मी मोटरी भरायचो. जळालेल्या मोटरीतली तार उपसून नवीन घालायची, याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात. सतराव्या वर्षी सांगलीत एका दुकानात शिकायला बसलो. मालकाला सगळे दादा मिस्त्री म्हणत. बुटका माणूस, कानात कायम अत्तराचा बोळा, कारण वार्निशच्या वासानं त्यांचं डोकं उठायचं. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मग कराडजवळ या रस्त्यावर पत्र्याचं स्वतःचं दुकान टाकलं.

या कामात एक गोष्ट फार साधी आहे आणि तीच सगळ्यात अवघड. लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळायची आणि वेढे मोजायचे. मोटरीत मुळात चव्वेचाळीस वेढे असतील तर चव्वेचाळीसच पडले पाहिजेत. त्रेचाळीस नाही, पंचेचाळीस नाही. मोजत असताना कुणी बोललं आणि आपण उत्तर दिलं, की आकडा गेला. म्हणून दादा मिस्त्रींचा नियम होता, मोजताना बोलायचं नाही. "देव जरी दारात आला, तरी त्याला हातानं बस म्हणायचं," ते सांगायचे. "तोंड उघडायचं न्हाई." एकदा त्यांचा सख्खा मेहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आला. तासभर बाकावर बसला, शेवटी पत्रिका फळीवर ठेवून निघून गेला आणि पुढं दोन वर्षं बोलला नाही. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. "मेहुणा आज ना उद्या बोलंल," म्हणाले, "मोटरीत आकडा चुकला तर ती चारचौघांत बोलती."

हल्ली वेढे मोजणारी यंत्रं मिळतात. मीही एक आणलं होतं. दोन महिन्यांत त्यात धूळ गेली आणि ते सत्तावीसनंतर एकदम एकतीस दाखवायला लागलं. मग ते खिळ्याला अडकवून ठेवलं आणि पुन्हा ओठ हलवत मोजायला लागलो. गिऱ्हाइकांनाही ही रीत माहीत होती. दारात येऊन उभी राहायची, माझे ओठ बघायची, हलत असले की गुपचूप बाकावर बसायची. उन्हाळ्यात तर पाच-सहा जण ओळीनं बसलेले असायचे, प्रत्येकाच्या पायाशी पोतं, आणि सगळे गप्प. गावाकडची लाइट कधी येईल, कधी जाईल, याचा नेम नसतो. तीन फेजांतला एक गेला तरी माणूस मोटर बंद करत नाही. आलीय तोवर पाणी पाजून घेऊ, म्हणतो. मोटर दोन फेजांवर कण्हत राहते आणि जळते. चैत्र-वैशाखात आमच्या बाकाला सुट्टी नसायची.

माझी बायको शैला लग्नानंतर काही दिवसांनी दुकानात डबा घेऊन यायला लागली. डब्याबरोबर थांबायला लागली. मग कागद कापायला लागली, मग पट्ट्या तासायला. मोटरीच्या लोखंडात खाचा असतात. त्यात कागद घालून तारेचे वेढे बसवतात, आणि ते वर उसळू नयेत म्हणून प्रत्येक खाचेत बांबूची एक बारीक पट्टी ठोकतात. ही पट्टी तासणं दिसतं तेवढं सोपं नाही. जाड झाली तर कागद फाटतो, बारीक झाली तर मोटर फिरताना निसटते. शैला चाकूनं बांबू तासायची आणि पट्टी हातात घेऊनच सांगायची, बसंल का न्हाई बसायची. तिची बोटं बारीक असल्यामुळं वेढे बसवायलाही तिचा हात लागायचा. असं अकरा वर्षं चाललं. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, घरची थोडी मदत असते. हे मी खोटं म्हणून सांगत नव्हतो. मला तसंच वाटायचं.

तो उन्हाळा सात वर्षांपूर्वीचा. एका पंपाच्या कंपनीचे साहेब माझ्या दुकानात आले. कुठले पंप कशानं जळतात याची माहिती ते गोळा करत होते. मी मोजत होतो म्हणून तेही बाकावर बसले, शेतकऱ्यांच्या मध्ये, इस्त्रीच्या शर्टात. नंतर मला म्हणाले, "तुम्हाला मोटर आतून माहीत आहे. असा माणूस कोपऱ्यात बसून तार गुंडाळतो, हे बरोबर नाही. लोकांशी बोला. आमच्याकडे या." पगार महिन्याच्या महिन्याला, गाडी कंपनीची, पावसाळ्यात रिकामं बसायला नको. मी विचार करायला वेळ मागितला. त्यांनी अक्षय तृतीयेनंतर सांगलीला भेटायला बोलावलं.

आता मागं वळून बघताना वाटतं, मी विचार असा केलाच नाही. मी फक्त दोन्ही बाजूंची कारणं गोळा करत राहिलो. वार्निशनं सकाळी खोकला यायचा. सुईएवढ्या जागेत बघून बघून डोळ्यांना चष्मा लागला होता. सौरपंप यायला लागले होते, आणि ते बिघडले तर कंपनीचाच माणूस येतो, मिस्त्रीकडं कुणी आणत नाही. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला काय होतं, ते मला नीट मांडता यायचं नाही. भरलेली मोटर पहिल्यांदा चालू केली की एक आवाज येतो, सरळ, न थरथरता. तो ऐकताना बाकावरची माणसं मान हलवतात. एवढंच होतं. एवढ्यासाठी माणूस राहतो का, असं मी स्वतःला विचारायचो.

अशा दिवसांत खटावकडच्या एका सुभेदारांची मोटर आली. फौजेतून निवृत्त झालेला उंच माणूस, बोलणं कमी. आलं लावायला जमीन तयार होती, बेणं आणून ठेवलं होतं, आणि विहिरीवरची मोटर जळलेली. मी भरायला घेतली. फर्म्यावर तार चालू होती, सत्तावीस झाले होते, आणि फोन वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव. सोळा वर्षांत मी मोजताना फोन उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. "हो साहेब, येतो, नक्की येतो," म्हणालो, फोन ठेवला आणि पुढं मोजायला लागलो. सत्तावीसनंतर अठ्ठावीस यायला हवा होता. मी चौतीसपासून निघालो. हे मला तेव्हा कळलं नाही.

पण आवाज कळला. मोटर जोडून चालू केली तेव्हा ती किंचित घुमत होती. भोवऱ्यासारखा बारीक आवाज. बाकावरच्या कुणाला कळला नाही, मला कळला. कागद कापता कापता शैलानंही मान वर केली होती. सुभेदारांनी विचारलं, "मिस्त्री, घुमतीया का जरा?" मी म्हणालो, "नवीन भरलीया. चार दिवसांत आवाज बसंल." मोटर पुन्हा उघडायची, वेढे मोजायचे, याला दीड दिवस गेला असता. माझं डोकं सांगलीत होतं. ते वाक्य मी इतक्या सहज बोललो की सुभेदारांनी लगेच मोटर गाडीत घातली. आज मला वाटतं, माझी पहिली विक्री तीच.

आठव्या दिवशी सुभेदार परत आले. सकाळी नऊची वेळ. मी धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून दारात उभा होतो. त्याच दिवशी सांगलीला जायचं होतं. त्यांनी पोतं खाली ठेवलं. वास आलाच. ते एका शब्दानं मला बोलले नाहीत. "आलं लावून झालंय," एवढंच म्हणाले. "दोन दिवस शेजाऱ्याचं पाणी घेतलं. त्याच्याबी विहिरीत किती असणार?" आणि बाकावर बसले. फौजी माणूस बसतो तसे, ताठ.

शैलानं मोटर उघडली. जळालेली तार कापून तिचं एकेक वेटोळं बाहेर काढलं आणि वेढे मोजले. तिचे ओठ हलत होते म्हणून मी आणि सुभेदार दोघंही गप्प होतो. आमच्या दुकानाची भिंत हीच आमची वही, तिच्यावर शिसपेन्सिलीनं प्रत्येक मोटरीचे आकडे लिहिलेले असतात. तिनं सुभेदारांच्या मोटरीच्या चव्वेचाळीसशेजारी नवा आकडा लिहिला, अडतीस. लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला लाज वाटली. हे सरळच सांगतो, कारण त्यानंतर मी जे केलं ते लाज वाटलेल्या माणसासारखं नव्हतं. मी घड्याळ बघितलं. साडेनऊची गाडी होती. मी सुभेदारांना म्हणालो, "उद्या सकाळी पयलं तुमचंच काम." आणि गेलो.

सांगलीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण होतो. पंखे जोरात, टेबलावर प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. साहेबांनी मला विचारलं, "समजा, शेतकरी जळालेली मोटर घेऊन तुमच्यापुढं आला. तुम्ही काय कराल?" मी म्हणालो, "आधी उघडून बघीन." सगळे हसले, साहेबही हसले. "उघडायची नाही," ते म्हणाले. "त्याचं ऐकून घ्यायचं आणि मग बोलायचं." मीही हसलो. नोकरी मला तिथंच देऊ केली. दोन दिवसांत होय-नाही कळवा, म्हणाले. परत येताना गाडीच्या खिडकीतनं द्राक्षांचे मोकळे मांडव दिसत होते, छाटलेले, नुसत्या तारा. मी विचार करत होतो, की दुकान बंद केल्यावर फर्मे कुणाला द्यायचे.

दुकानात पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. बाक रिकामा होता. सुभेदारांची मोटर कुठं दिसेना. वाटलं, दुसऱ्या मिस्त्रीकडं घेऊन गेले. मी विचारलं तर शैला केरसुणी बाजूला ठेवत म्हणाली, "भरून दिली. आत्ताच गेलं."

"भरली कुणी?"

"हितं दुसरं हाय कोण?"

मी भिंतीकडं बघितलं. अडतीसवर काट मारलेली होती. मोटर भरायला दीड दिवस लागतो, पण तिनं दिवसभर पाठ टेकली नसेल, आणि वार्निश सुकवायला वैशाखाचा पत्रा होता. तिनं सांगितलं, सुभेदार दिवसभर बाकावरनं हलले नाहीत. जाताना निरोप ठेवून गेले. "मिस्त्रींना सांगा, म्हणलं, आवाज बसला."

जेवताना मी नोकरीचं सांगितलं. पगार, गाडी, सगळं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी तिला पटवतोय. ती भाकरी करत होती. शेवटची तव्यावर टाकून म्हणाली, "मग जावा की. तुमचं मन तिकडंच हाय, ते मला आवाजातच कळलं हुतं."

"आणि दुकान? बंद करायचं म्हंजे..."

"बंद करायचं कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "आवं, तुमी जाणार. दुकान न्हाई जाणार."

महिनाभर मी जो प्रश्न डोक्यात घेऊन फिरत होतो, त्याचा निम्मा भाग माझा नव्हताच, हे मला त्या जेवणात कळलं. अकरा वर्षं मी मोजत होतो तेव्हा शेजारी बसून कुणीतरी मनात मोजत होतं.

नोकरीनं माझं वाईट केलं नाही. खोकला गेला. मी बोलायला शिकलो. आधी शेतकऱ्याच्या पिकाचं विचारायचं, मग पाण्याचं, मग मुलांच्या शाळेचं, आणि पंपाचं सगळ्यात शेवटी, जणू आत्ताच आठवलं. माण, खटाव, खानापूर हा माझा भाग. उन्हात बाभळीच्या सावलीला बसून मी माणसांची खूप सुख-दुःखं ऐकली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पंप विकले. पंप चांगलेच आहेत. मी कधी खोटं बोललो नाही. आवाज बसंल, हे वाक्य मी पुन्हा कुणाला म्हणालो नाही.

गंमत एवढीच, की माझा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी माझ्याच घरात आहे. मायणीकडं एका शेतकऱ्याला मी तासभर समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "पण नवीन कशाला? कराडच्या रोडला एक बाई हाय. लय भारी भरती मोटर. तिच्याकडनं आणली की सा-सात वर्षं बघायला नको." मी चहा प्यालो. त्या बाईला मी ओळखतो, हे मी सांगितलं नाही. असं वर्षातून चार-पाच वेळा होतं. घरी सांगितलं तर शैला हसते, पण जास्त नाही. तिला सकाळी लवकर उठायचं असतं. दुकानावर अजून माझ्याच नावाची पाटी आहे. लोक मात्र बाईंचं दुकान म्हणतात.

पंधरवड्यापूर्वी मी सुभेदारांच्या रानात गेलो होतो. ते आता वाकलेत, काठी घेतात. मी सौरपंपाचं बोलायला गेलो होतो. विहिरीवर मोटर चालू होती. मी बोलता बोलता थांबलो. सरळ आवाज, न थरथरता. मी खाली बसून तिच्या अंगावर तळहात ठेवला. कोमट होती, नुसती कोमट. सात वर्षं. "बाईंनी भरलेली," सुभेदार म्हणाले, जणू मला माहीत नसावं. मला हेवा वाटला. बायकोचा हेवा वाटणं ही काही चांगली गोष्ट नाही, पण वाटला. मी विकलेल्या पंपांपैकी एकावरही मला असा हात ठेवावासा वाटलेला नाही. मी माहितीपत्रक पिशवीतच ठेवलं आणि येताना रस्ताभर एकच वाक्य जुळवत होतो, मी परत दुकानात बसू का? ते वाक्य पंधरा दिवस तोंडात राहिलं. इतकं बोलणारा माणूस मी, आणि एवढं एक बोलता येईना.

म्हणून आज लिंबाखालच्या ताकवाल्याला पैसे दिले आणि ती मोटरसायकल गेली होती त्याच वाटेला गाडी घातली. दुपारचे तीन वाजले असतील. पत्रा तापला होता, आणि दारातच तो वास, वार्निशचा आणि करपलेल्या तांब्याचा. मोटरीवाला बाकावर बसला होता, पोतं पायाशी. शैला फर्म्यापुढं पाठमोरी. मी उंबऱ्यातच म्हणालो, "शैला, मला एक इचारायचं हाय."

तिनं डावा हात वर केला. बस. मी बाकाच्या रिकाम्या कडेला बसलो. फर्मा फिरत होता, तिचे ओठ हलत होते. एकवीस असावेत. मीही तिथून मोजायला लागलो, मनातल्या मनात. किती वर्षांनी. चव्वेचाळीसला तिचा हात थांबला. माझाही आकडा तोच होता.

"काय म्हणत हुता?" तिनं तार कापता कापता विचारलं.

सगळं वाक्य तयार होतं. "काय न्हाई," मी म्हणालो.

तिनं वळून माझ्याकडं बघितलं, कंपनीच्या शर्टाकडं, पिशवीकडं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग कोपऱ्यातला बांबू आणि चाकू पायानं माझ्याकडं सरकवला. "बसलाच हायसा तर पट्ट्या तासा," ती म्हणाली आणि पुन्हा फर्म्याकडं वळली.

मी बाही दुमडली. पहिली पट्टी तासली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती खाचेत घालूनही बघितली नाही, नुसती बोटांत फिरवली. "जाड हाय. कागद फाटंल." मला परत दिली आणि तार धरली. एक, दोन, तीन.

बाकावरचा माणूस इतका वेळ आमच्याकडं बघत होता. तो जरा सरकला, आवाज अगदी बारीक केला आणि विचारलं, "नवीन लागलायसा व्हय हितं?"

ती मोजत होती, म्हणून मी बोललो नाही. नुसती मान डोलावली आणि पट्टी पुन्हा तासायला घेतली.